निदान न झालेल्या आजारासोबत जगताना: या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

ज्यांचे सर्व रिपोर्ट नॉर्मल आले आहेत, ज्यांना डॉक्टरांनी फाईल मिटवत "तसं काही नाही, टेन्शन घेऊ नका" असे सांगून घरी पाठवले आहे, आणि तरीही ज्यांना सकाळची आंघोळ उरकल्यावर अर्धा तास आडवे पडल्याशिवाय केस पुसण्याचेही त्राण उरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांपूर्वी एका साध्या तापाचे निमित्त होऊन मी अंथरूण धरले, पुढे शाळेतली नोकरी सोडावी लागली, आणि सर्व डॉक्टरांचे एकमत होईल असे नाव माझ्या आजाराला आजही मिळालेले नाही.

या काळातली माझी सर्वांत महागात पडलेली चूक अशी की पहिली तीन वर्षे मी नावाची वाट पाहत राहिले. निदान झाले की औषध मिळेल, औषधाने बरे वाटेल, आणि बाकीचे सगळे मग बघू, असे मी धरून चालले होते. त्यामुळे घरातली कामे वाटून घेतली नाहीत, विश्रांतीला शिस्त लावली नाही आणि पैशांचा विचारही केला नाही. निदानाचा शोध हे एक काम आहे आणि आज जे शरीर आहे त्यानिशी दिवस काढणे हे दुसरे काम आहे. ही दोन्ही कामे पहिल्या महिन्यापासून शेजारी शेजारी चालवावी लागतात, आणि पुढच्या पायऱ्या त्याच समजुतीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: कशासाठी थांबू नये

घरी नोंदी ठेवत बसण्याआधी काही लक्षणांसाठी लगेच दवाखाना गाठावा लागतो. प्रयत्न न करता वजन घटत जाणे, रात्री कपडे भिजतील इतका घाम, आठवडे चाललेला ताप, शौचातून किंवा खोकल्यातून रक्त, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, घास गिळता न येणे आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही ती लक्षणे होत. आधीचे रिपोर्ट नॉर्मल होते म्हणून यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण ते रिपोर्ट त्या दिवसापुरते आणि त्या तपासणीपुरतेच नॉर्मल होते.

दुसरी पायरी: वही

शंभर पानी साधी वही घ्यावी आणि रोज रात्री तीन-चार ओळींपेक्षा जास्त लिहू नये, नाहीतर पंधरा दिवसांत कंटाळा येऊन ती बंद पडते. झोप किती झाली आणि उठल्यावर ताजेतवाने वाटले की नाही, दिवसातले सर्वांत जड काम कोणते केले, त्रास केव्हा सुरू होऊन किती वेळ टिकला, आणि ताप वाटला असेल तर थर्मामीटरवरचा आकडा, एवढे पुरे. कणकण वाटणे आणि ताप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ मध्ये कारण न सापडणाऱ्या तापाची जी व्याख्या केली, ती १०१ अंश फॅरेनहाइटपेक्षा जास्त आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या तापाची होती. डॉक्टर आजही त्या रीतीने विचार करतात, म्हणून "अधूनमधून ताप असतो" या वाक्याला आकड्यांशिवाय वजन येत नाही. महिलांनी पाळीच्या तारखाही याच वहीत मांडाव्यात. ओटीपोटाचे दुखणे आणि पाळी यांचा संबंध कागदावर दिसत नाही तोवर एंडोमेट्रिओसिससारखा आजार वर्षानुवर्षे "बायकांचं असतंच" या सदरात पडून राहतो.

माझ्या वहीने पहिली मोठी गोष्ट दाखवली ती दोन महिन्यांनी. घरात सत्यनारायणाची पूजा झाली त्या दिवशी मी बऱ्यापैकी उभी होते, दुसऱ्या दिवशीही फारसे काही जाणवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, घसा धरला, बोलताना शब्द सापडेनात. पाने मागे उलटल्यावर लग्न, परीक्षेचे पेपर, माळ्यावरची आवराआवर या प्रत्येकामागे एक-दोन दिवसांच्या अंतराने तीच ओळ सापडली. तोवर मी डॉक्टरांना "कधीही अचानक आजारी पडते" असे सांगत आले होते.

तिसरी पायरी: "अशक्तपणा" हा शब्द मोडून सांगणे

आपल्या बोलण्यात अशक्तपणा या एका शब्दात निदान सहा वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने त्या प्रत्येकीची वाट वेगळ्या खात्याकडे जाते. माझ्या मते या पायरीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही, म्हणून येथे थोडे थांबते.

स्नायूंत खरोखर जोर नसेल तर उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, जिना कठडा ओढत चढावा लागतो किंवा कंगवा डोक्यापर्यंत नेता येत नाही. हे असेच सांगावे, कारण यातून स्नायू आणि मज्जातंतूंच्या तपासणीची दिशा मिळते. जोर सकाळी असतो पण वापरता वापरता संपतो, संध्याकाळी पापणी खाली येते, भाकरी चावताना जबडा दमतो, हे वेगळे आहे आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात असे घडते. दिवसा कुठेही बसल्या जागी डोळा लागत असेल आणि घरचे लोक मोठ्या घोरण्याची किंवा झोपेत श्वास अडकण्याची तक्रार करत असतील, तर तो झोपाळूपणा आहे आणि झोपेची तपासणी करण्याचा विषय आहे. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे व धडधडणे ही चौथी तक्रार. श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे अंगच कोसळणे ही पाचवी. अंगात शक्ती असूनही कशातच मन न लागणे ही सहावी, आणि ती असेल तर तीही न लाजता सांगावी.

चक्कर या शब्दाचेही तसेच आहे. घर गरगर फिरते, तोल जाऊन भिंतीला धरावे लागते किंवा नुसती भोवळ येते, यांपैकी नेमके काय होते ते सांगावे. दुखण्यासाठी तर मराठीत कितीतरी शब्द तयार आहेत: ठणका, कळ, चमक, चावल्यासारखे, आवळल्यासारखे, जळजळ, मुंग्या, बधिरपणा. आजीच्या तोंडी असलेले हे शब्द डॉक्टरांपुढे वापरताना संकोच करू नये, कारण "पेन होतं" या दोन शब्दांपेक्षा त्यांतून कितीतरी जास्त कळते. कंबरदुखीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावी. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ अंग आखडलेले राहते आणि हालचालीने मोकळे होते, की हालचालीने दुखणे वाढते? पहिल्या प्रकारात मणक्याच्या सुजेचा एक आजार, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, डॉक्टरांच्या मनात यायला हवा, आणि तरुण माणसांमध्ये तो फार उशिरा ओळखला जातो.

चौथी पायरी: फाईल आणि एक पान

केस पेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावून ठेवाव्यात. एक्स-रे व एमआरआयच्या फक्त अहवालावर न थांबता फिल्म किंवा सीडीही मागून घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे, म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक काढला असेल तर त्यावर कागद साठवता येतात, पण तपासणीच्या टेबलावर अजूनही रेक्झिनची फाईलच उघडली जाते.

मात्र जाड फाईल डॉक्टर वाचत नाहीत, आणि ओपीडीतली गर्दी पाहता त्यांना दोष देणेही बरोबर नाही. फाईलच्या सर्वांत वर एकच पान ठेवावे. त्रास कधी व कशानंतर सुरू झाला, त्याआधी काय काय करता येत होते आणि आता काय येत नाही, तीन मुख्य तक्रारी, झालेल्या तपासण्या तारखांसह, चालू औषधे, औषधांची ॲलर्जी आणि घराण्यातले आजार एवढेच त्यावर असावे. "पूर्वी दोन मजले चढून सलग सहा तास घ्यायचे, आता पोळ्या स्टुलावर बसून आणि चारच्या पुढे नाही" हे माझ्या पानावरचे वाक्य. ते वाचल्यावर डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, असे मला एकाहून अधिक वेळा अनुभवास आले आहे.

पाचवी पायरी: एक डॉक्टर धरून ठेवणे

दर तीन महिन्यांनी नवा स्पेशालिस्ट गाठण्याचा मोह आवरावा. सगळे कागद एकत्र पाहणारा, ऐकून घेणारा एक फिजिशियन किंवा जुना फॅमिली डॉक्टर मध्यभागी असावा आणि बाकीच्यांकडे त्याच्या चिठ्ठीने जावे. दुसरे मत घेणे हा आपला हक्क आहे, परंतु ते पहिल्यापासून लपवून घेऊ नये. भेटीला जाताना घरातले कोणीतरी सोबत न्यावे आणि नेमके दोन प्रश्न लिहून न्यावेत. माझा कायमचा प्रश्न असा असतो: "डॉक्टर, हे काय नाही, याची तुम्हाला खात्री कशावरून आहे, आणि अजून काय तपासलेले नाही?" "हे मानसिक आहे" असे कोणी म्हटले तर भांडू नये आणि निमूट ऐकूनही घेऊ नये. कोणत्या लक्षणांवरून तसे वाटते ते विचारावे, मानसोपचाराची शिफारस केली तर जावे, पण शारीरिक तपास त्याच कारणाने बंद होऊ नये असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मला एका मोठ्या रुग्णालयात, नाव घेत नाही, चार मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर वर्षभर मी डॉक्टरांकडे गेलेच नाही. ते वर्ष मला परत मिळाले नाही.

सहावी पायरी: तपासण्या बिघडवणाऱ्या गोष्टी टाळणे

आपल्याकडे वारंवार निसटणाऱ्या काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून विचाराव्यात. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता, महिलांमध्ये हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन कमी असणे, थायरॉईड, आणि फुप्फुसाबाहेरचा क्षयरोग. पोटाचा किंवा मणक्याचा क्षय छातीचा एक्स-रे स्वच्छ असतानाही असू शकतो. वजन घटणे, रक्तदाब कमी राहणे, त्वचा काळवंडणे आणि मिठाची विलक्षण ओढ ही चौकडी एकत्र दिसली तर ॲडिसनच्या आजाराबद्दल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या आजाराबद्दल, विचारावे.

बऱ्याच वेळा आपणच घाईने उपचार करून पुढच्या तपासणीवर पाणी फिरवतो. बी-१२ ची इंजेक्शने आधी घेतली की नंतर केलेल्या तपासणीत पातळी चांगली दिसते. गहू सोडून बरे वाटते म्हणून तो बंद केला, तर सीलिॲक आजाराची रक्ततपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. ती तपासणी गहू खाणे चालू असतानाच व्हावी लागते. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन थायरॉईडसह काही तपासण्यांचे आकडे चुकवते, म्हणून त्या गोळ्यांची माहिती आधी द्यावी. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके क्षयावर अर्धवट काम करून त्याचे निदान लांबवतात. सर्वांत घातक गोष्ट म्हणजे कारण कळण्याआधी घेतलेले स्टेरॉइड, कारण त्यामुळे गाठीच्या बायोप्सीतला लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोगसुद्धा झाकला जाऊ शकतो. गावोगावी "एका पुडीत आराम" देणाऱ्यांच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि काहीही लपवू नये. आयुर्वेदाचे औषध घ्यायचे असल्यास नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावे, आणि भस्मे व रसौषधी चालू असतील तर शिसे व पारा यांची रक्ततपासणी होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

एक तपासणी अशी आहे की तिला यंत्र फारसे लागत नाही आणि तरीही ती राहून जाते. रुग्णाला दहा मिनिटे शांत निजवून नाडी व रक्तदाब मोजायचा, नंतर भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे करायचे आणि दर मिनिटाला दोन्ही मोजायचे. रक्तदाब न उतरता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, आणि असा त्रास तीन महिन्यांहून जुना असला, तर पॉट्स या विकाराचा विचार होतो. बारा ते एकोणीस वयात ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे. भोवळ येऊन पडण्याची शक्यता असल्याने हे एकटीने घरी करू नये. आजारपणाच्या आठव्या वर्षी एका तरुण डॉक्टरबाईंनी माझी ही तपासणी केली, तेव्हा निजलेली असताना नाडी ७२ होती आणि उभी राहिल्यावर दहाव्या मिनिटाला ११४. माझे पाय जांभळट झाले होते, ते त्यांनी माझ्या यजमानांना दाखवले. पूर्ण आजाराला नाव मिळाले नाही, पण उभे राहण्याच्या त्रासावर उपाय सुरू झाला आणि घरात "ही उभीच राहत नाही" हे बोलणे त्या दिवसापासून थांबले.

सातवी पायरी: शक्तीचा पाणीपुरवठा

ज्या गावात नळाला दिवसाआड तासभर पाणी येते, तिथल्या बाईला कोणते भांडे आधी भरायचे हे सांगावे लागत नाही. शक्तीचे नियोजन त्याच पद्धतीने करावे. सकाळी आज किती पाणी आहे याचा अंदाज घ्यावा, आधी प्यायचे भरावे, म्हणजे आंघोळ, जेवण आणि औषध, आणि धुण्याभांड्यांचे नंतर बघावे. चांगल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकण्याची जी हुक्की येते, तिच्यापासून विशेष सावध राहावे, कारण माझ्या वहीतली वाईट आठवड्यांची बहुतेक पाने अशा चांगल्या दिवसांनंतरचीच आहेत. थकण्याआधी थांबायचे, काम पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करायचे, मध्ये डोळे मिटून आडवे पडायचे आणि त्या वेळात मोबाईल बघायचा नाही.

"थोडं चालायला लाग, सवय होईल" हा सल्ला सगळेच देतात, आणि काही आजारांत तो योग्यही असतो. पण श्रमानंतर कोसळण्याचे लक्षण असेल तर तो उलटतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजारासाठी पूर्वी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस केली होती, आणि ऑक्टोबर २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती काढून टाकली. त्या आजाराची कोणतीही रक्ततपासणी नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ कार्यक्षमता खूप घटणे, श्रमानंतर त्रास वाढणे आणि झोपूनही थकवा न जाणे, यांच्या जोडीला विचारांत धुके किंवा उभे राहण्याचा त्रास, अशा निकषांवर तो ओळखला जातो. तुमचे चित्र याच्याशी जुळत असेल तर हे नाव डॉक्टरांपुढे जरूर काढावे.

घरात छोटे बदल लगेच करावेत: ओट्याजवळ उंच स्टूल, न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची, पलंगाजवळ पाण्याची बाटली, आणि भाजी चिरण्याचे काम बसून करता येईल अशी जागा. मीठ किंवा पाणी फार वाढवण्याचा सल्ला कुठे वाचला असेल तर रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड पाहिल्याशिवाय तो अमलात आणू नये.

आठवी पायरी: घर, नोकरी, पैसा

नाव नसलेला आजार नातेवाइकांना समजावणे फार जड जाते, हे मान्य करूनच सुरुवात करावी. प्रत्येकाला पटवत बसू नये. घरातल्या दोन माणसांना वही दाखवून बसवून सांगावे आणि पाहुण्यांसाठी एक वाक्य ठरवून ठेवावे. "तपास चालू आहे, डॉक्टरांनी श्रम कमी करायला सांगितलंय" एवढे माझ्या सासूबाई दारातच सांगतात, आणि देवऋषी, दृष्ट, गंडे-दोरे यांचे विषय तिथेच मिटतात. फोनवर "तुला काही झालेलं दिसत नाही" असे म्हणणाऱ्या माझ्या नणंदबाई दिवाळीच्या चार दिवसांसाठी राहायला आल्या आणि फराळानंतरचे माझे दोन दिवस त्यांनी पाहिले, त्यानंतर त्यांनी तसे कधी म्हटले नाही. मनावरचा ताण असह्य झाला तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते, आणि तो लावण्यासाठी कसलेही निदान लागत नाही.

रजेच्या दाखल्यासाठी आजाराचे नाव असलेच पाहिजे असे नाही. डॉक्टर लक्षणे आणि काय करता येत नाही हे लिहून दाखला देऊ शकतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लक्षणांसाठीच स्वतंत्र प्रकरण आहे. राज्य कामगार विम्यात नोंद असलेल्यांना, वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर, वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो. त्यापुढचा वाढीव भत्ता मात्र ठरावीक ३४ आजारांनाच आहे, आणि नाव नसण्याची खरी झळ तिथे बसते. दिव्यांग प्रमाणपत्रही २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपुरतेच मिळते.

आरोग्य विम्याबाबत एक गोष्ट आधीच माहीत असावी. केवळ तपासण्यांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास त्याचा खर्च विमा कंपनी देत नाही, कारण विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या वगळण्यांत ती बाब आहे. म्हणून भरती होण्याआधी कोणता उपचार होणार आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि कंपनीला आगाऊ विचारावे. नवी पॉलिसी घेताना, निदान झालेले नसले तरी लक्षणे आणि तपासण्या अर्जात लिहाव्यात.

नववी पायरी: शोध चालू ठेवणे

वारंवार तपासण्या करून पैसा आणि रक्त दोन्ही वाया घालवू नये, पण वर्षातून एकदा सगळी फाईल नव्या नजरेने वाचण्याची विनंती डॉक्टरांना करावी. घराण्यात तसेच त्रास असतील किंवा लहान वयात सुरुवात झाली असेल, तर जनुकीय समुपदेशनाचा सल्ला विचारावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. जनुकीय तपासणीत आज काही सापडले नाही तरी तिची मूळ माहिती मागून जपून ठेवावी, कारण नवी जनुके ओळखली गेल्यावर तीच माहिती पुन्हा तपासता येते. अमेरिकेतल्या निदान न झालेल्या रुग्णांसाठीच्या जाळ्यात, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे, पूर्ण तपास झालेल्या ३८२ जणांपैकी १३२ जणांना निदान मिळाले. इतकी तज्ज्ञ मंडळी एकत्र बसूनही बहुसंख्य लोक नावाशिवाय घरी गेले, हा आकडा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, कारण दोष माझ्या सांगण्यात होता असे मला फार वर्षे वाटत आले.

माझी या वर्षीची भेट दिवाळीनंतरची ठरली आहे. वरचे पान पुन्हा लिहून तयार आहे. जुन्या तीन तक्रारींखाली या वेळी एक नवी ओळ आहे, श्रावणापासून डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना पहाटे येणाऱ्या मुंग्यांची, आणि तिच्यापुढे तारखा लिहिल्या आहेत.